खोडलेलं छापत नाहीत

छापखान्यात त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. मालक बाई म्हणत, आणि मालकांचे वडील हयात होते तेव्हा तेही बाईच म्हणत. एकतीस वर्षं त्या प्रुफं वाचत होत्या. मशीनघराच्या वर, जिन्याला लागून त्यांची खोली होती. एक टेबल, टेबलाखाली पाय टेकायला कागदाचं रिम, भिंतीला लोखंडी कपाट, आणि खाली मशीन सुरू झालं की चहाच्या कपात उठणारी बारीक थरथर. त्या खोलीत बसून बाईंनी काय काय म्हणून वाचलं नव्हतं! पंपांच्या माहितीपुस्तिका, गृहनिर्माण संस्थांचे नियम, दंतवैद्यकाचं पाठ्यपुस्तक, तीन मंत्र्यांची आत्मचरित्रं, आणि त्यांतल्या एकाने पक्ष बदलल्यावर पुन्हा नव्याने लिहिलेलं आत्मचरित्र. बाईंचं मत कुणी विचारत नसे आणि बाईही ते कुणाच्या गळ्यात मारत नसत. ऱ्हस्वदीर्घ बघायचं, वाक्य लंगडत असेल तर त्याला हात द्यायचा, लेखकाने खोडलेलं असेल ते काढून टाकायचं. एवढंच काम.

त्यातल्या शेवटच्या कामावरून पुढे एवढं मोठं प्रकरण झालं.

बाईंकडे त्यांची भाची राहत होती, धाकट्या बहिणीची मुलगी. ती विद्यापीठात संशोधन करायची. तिचे मार्गदर्शक फार मोठे होते. किती मोठे, तर त्यांचं बोलणं कुणाला कळत नसे. सगळे त्यांना 'सर' म्हणत, आणि सर म्हणजे विरचना हे समीकरण पक्कं झालेलं होतं.

"म्हणजे बघ मावशी," भाचीने एकदा भाजी निवडता निवडता समजावलं होतं, "कुठलाही मजकूर घे. त्याला जे म्हणायचं असतं ना, त्याच्या विरुद्ध जाणारं काहीतरी त्याच्याच पोटात दडलेलं असतं. ते धागे उसवून दाखवायचे. लेखकाला काय म्हणायचं होतं, हे विचारायचंच नाही."

"फोनसुद्धा करायचा नाही लेखकाला?"

"मुळीच नाही."

"बरं आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "आम्हाला करावा लागतो, आणि ते उचलत नाहीत."

गंमत म्हणजे बाईंना ते म्हणणं अगदीच वेडगळ वाटलं नव्हतं. दंतवैद्यकाच्या पुस्तकात एकदा एक 'न' गळाला होता आणि धडधाकट दाढ उपटायची शिफारस छापून जाता जाता राहिली होती. शब्द स्वतःच्या पायावर उभा नसतो, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून उभा असतो, हे बाईंना कुठल्याही व्याख्यानाशिवाय ठाऊक होतं. त्यासाठी परदेशी जाऊन यावं लागतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

सर जाऊन आले होते. वीस वर्षांपूर्वी त्यांनी विरचना आणली, तेव्हा तत्त्वज्ञान विभाग आणि साहित्य विभाग एकमेकांचं तोंड पाहत नसत. सरांनी दोघांना एकत्र आणलं. आता दोन्ही विभाग एकच भाषा बोलत, आणि ती दोघांनाही येत नसे. तत्त्वज्ञानवाल्यांनी सत्य शोधायचं सोडून दिलं आणि 'सत्य' हा शब्द कोण, कधी, कुणाला गप्प करायला वापरतो हे शोधायला घेतलं. हे एका अर्थी चांगलंच झालं, कारण त्यांना पहिलं काही सापडत नव्हतं. समीक्षक पूर्वी कविता बरी की वाईट ते सांगत. आता ते कविता नकळत काय बोलून गेली ते पकडत, फौजदाराने साक्षीदाराला पकडावं तसे. कवी धास्तावलेले असत.

तर या सरांचं आयुष्यभराचं पुस्तक बाईंच्या छापखान्यात आलं. मालक छापतही आणि प्रसिद्धही करत. हाताने लिहिलेले सहाशे कागद, निळी शाई, आणि पानोपानी खाडाखोड. 'सत्य' लिहिलेलं आणि आडव्या रेघेने खोडलेलं. 'अर्थ' खोडलेला. 'मी' तर दिसेल तिथे खोडलेला. कुठे 'आहे' खोडलेलं, कुठे अख्खा परिच्छेद.

यातली गोम अशी होती की ती खाडाखोड नव्हतीच. सरांचं म्हणणं होतं, शब्द अपुरा आहे म्हणून तो खोडायचा, पण दुसरा शब्दच नाही म्हणून तो ठेवायचा, आणि खोडलेल्या रेघेसकट छापायचा. वाचकाला शब्दही दिसावा आणि त्याच्यावरचा अविश्वासही. हे सगळं सरांनी प्रस्तावनेत दीड पान समजावून सांगितलं होतं. फक्त समजावून सांगणं हा प्रकारही अपुराच, म्हणून ते दीड पानही त्यांनी रेघ मारून खोडलं होतं.

बाईंनी चष्मा पुसला, लाल पेन घेतलं आणि कामाला लागल्या. खालच्या दाढेत ठणका होता, त्यामुळे त्या नेहमीपेक्षा थोड्या कडक होत्या. शब्द पटला नाही म्हणून खोडणारा लेखक त्यांना फार दिवसांनी भेटला होता. माणूस विचार करणारा दिसतोय, असं त्यांना वाटलं. खोडलेलं काढल्यावर वाक्यं लंगडायला लागली, तेव्हा बाईंनी त्यांना हात दिला. तेच तेच तिसऱ्यांदा आलं तेव्हा एकदाच ठेवलं. दोन आठवड्यांत मुद्रणप्रत तयार झाली.

सर तेव्हा तीन महिन्यांच्या व्याख्यानांना परदेशी निघाले होते. प्रुफं कुठे पाठवू, असं मालकांनी विचारलं. सरांची चिठ्ठी आली: 'लिहून झालेल्या मजकुरावर लेखकाचा हक्क उरत नाही. प्रुफं मला दाखवू नयेत.' खरं म्हणजे त्यांना प्रुफांचा कंटाळा होता, पण सरांकडे कंटाळ्यालाही तत्त्वज्ञान होतं. मालकांनी चिठ्ठी फाइलला लावली आणि पुस्तक छापलं. एकशे बहात्तर पानांचं झालं.

पहिली प्रत बाईंनी भाचीसाठी घरी नेली. भाचीने ती रविवारी सकाळी उघडली ती दुपारी जेवायलाच उठली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी, मला कळलं गं."

"मग चांगलं झालं की."

"चांगलं कसलं? सरांचं पुस्तक आहे! मला पहिल्या फटक्यात कळलं म्हणजे काहीतरी चुकलंय." तिने पानं उलटी पालटी केली. "खोडलेले शब्द कुठे आहेत? सर वर्गात फळ्यावरसुद्धा खोडून लिहितात."

"खोडलेलं छापतात का कधी?" बाई म्हणाल्या.

भाची पुस्तकासकट जमिनीवर बसली. मग तिने मावशीला त्या रेघांचा अर्थ सांगितला. बाईंनी हातातला घास खाली ठेवला. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून चूक झाली नव्हती असं नाही, पण चूक एका ओळीची असे. ही सहाशे कागदांची होती.

सर परतल्याच्या तिसऱ्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. पुढे सर, मागे दोन शिष्य. शिष्यांच्या हातात वह्या होत्या, कारण सर रागावले तरी त्यातून काहीतरी निघत असे.

"हे कुणी केलं?" सरांनी पुस्तक टेबलावर आपटलं.

"मी," बाई म्हणाल्या. "बसा ना."

"माझे शब्द कुठे गेले?"

"कुठले?"

"खोडलेले!"

"ते तुम्हीच खोडले होते."

"खोडले म्हणजे काढा असं नव्हतं! ते दिसायला हवे होते. शब्द आहे आणि नाहीही, असं!"

"मला हे आजवर कुणी सांगितलं नाही हो. खोडलेलं आम्ही छापत नाही. छापलं तर लेखक शिव्या देतात."

"प्रस्तावनेत मी स्वच्छ लिहिलं होतं!"

"ते पण खोडलं होतं."

दारात मालक येऊन उभे होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुस्तक दुकानांत पोचलं होतं आणि समीक्षकांना प्रती जाऊन आठवडा झाला होता.

"हे पुस्तक माझं नाही!" सर कडाडले. "मला जे म्हणायचं होतं ते..."

आणि सर थांबले. शिष्यांची पेनं वहीवर टेकलेली होती. लेखकाला काय म्हणायचं होतं हे विचारायचं नसतं, या एका वाक्यावर सरांनी नोकरी, बढती, विभागाचं अध्यक्षपद आणि घर एवढं सगळं उभं केलं होतं.

"काय म्हणायचं होतं?" बाईंनी मनापासून विचारलं. चूक झालीच होती, तर निदान शुद्धिपत्र लावता आलं असतं.

सरांनी शिष्यांकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले.

एका शिष्याने ते लिहून घेतलं.

पहिलं परीक्षण आलं ते नेमकं एका जुन्या समीक्षकांचं. हे गृहस्थ वीस वर्षं सरांशी हाडवैर धरून होते. विरचनेने साहित्याचं वाटोळं केलं, असं ते दर वर्षी निदान चार सभांतून सांगत. त्यांनी लिहिलं की हे पुस्तक वाचून आपल्याला विरचना प्रथमच समजली, तीत तथ्य आहे, आणि इतकं नितळ गद्य आपण बऱ्याच वर्षांत वाचलं नाही. सर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. शत्रूला आपलं म्हणणं पटणं यासारखी नामुष्की नाही.

पण तिसऱ्या आठवड्यात एका त्रैमासिकात शिष्यांपैकी एकाचा बावीस पानी लेख आला आणि वारं फिरलं. लेखाचं म्हणणं असं की आजवर सर शब्द खोडत, पण खोडलेला शब्द दिसत राही, म्हणजे सत्ता त्याचीच राही. या पुस्तकात सरांनी खोडणंच खोडून टाकलं आहे. सोपेपणा हा इथे एक सापळा आहे, आणि जो म्हणेल मला कळलं, तो त्यात सापडला. जुन्या समीक्षकांनाच हा टोला आहे, हे सगळ्यांना कळलं. मग काय विचारता! लेखावर लेख आले. तत्त्वज्ञान विभागाने पुस्तक अभ्यासक्रमाला लावलं, साहित्य विभागाने आपण त्यांच्या आधीच लावलं असं जाहीर केलं. सर पुन्हा बाहेर पडायला लागले. एका मुलाखतीत ते म्हणाले, "हो, हे मी जाणीवपूर्वक केलं." लेखकाचा हेतू नसतो म्हणणाऱ्या माणसाला एकाएकी हेतू सापडला होता, आणि तो त्याला छान बसतही होता.

भाचीच्या प्रबंधात सरांनी एक नवं प्रकरण घालायला लावलं: विभागात ठेवलेल्या हस्तलिखिताच्या प्रतीशी ताडून पुस्तकातल्या गाळलेल्या जागा. झालं, भाची वही घेऊन मावशीसमोर बसली.

"पान एक्केचाळीस. इथे मूळ हस्तलिखितात पाऊण पान आहे. ते का गाळलं?"

"ते खोडलेलं होतं."

"नाही. मी बघितलं. ते खोडलेलं नव्हतं."

बाई जरा चुळबुळल्या. "अगं, तेच पान बारावर सांगून झालं होतं. आणि पुन्हा सत्तावीसवर. किती वेळा सांगायचं माणसाने?"

"म्हणजे तू आपल्या मनाने काढलंस?"

"दाढ दुखत होती," बाई म्हणाल्या.

भाचीने वही मिटली आणि ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसू ओसरल्यावर म्हणाली, "मावशी, लोक या पाऊण पानावर भांडतायत. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय."

पुढच्या महिन्यात पुस्तकावर चर्चासत्र झालं. भाचीचा निबंध होता म्हणून बाई अर्धा दिवस रजा टाकून गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. त्यांना बराचसा भाग कळला, कारण वक्ते पुस्तकातलीच वाक्यं म्हणत होते. वाक्यं ओळखीची होती. 'शब्द शेजाऱ्याच्या जिवावर उभा असतो,' हे एकाने दोनदा म्हटलं आणि टाळ्या पडल्या. सरांनी मुळात तिथे अकरा ओळी लिहिल्या होत्या.

शेवटी सर उठले. "या पुस्तकातली एकेक रिकामी जागा," ते सावकाश म्हणाले, "मी महिनोन्‌महिने तोलली आहे."

बाईंनी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला. शेजारी बसलेल्या एकीला वाटलं त्यांना गहिवरून आलं. पण घरी जाताना बसमध्ये ते हसू कुठेतरी विरून गेलं. महिनोन्‌महिने नव्हे, दोन आठवडे. आणि तोललं कुणी? मंत्र्याच्या आत्मचरित्रात नाव यावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, उलट ते येऊ नये असंच वाटलं होतं. हे वेगळं होतं. शेजाऱ्याच्या जिवावर उभं असलेलं ते वाक्य त्यांचं होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बाईंना काहीतरी टोचलं, आणि आपल्याला टोचतंय याचीच त्यांना लाज वाटली.

आठ महिन्यांनी सर छापखान्यात आले. एकटेच. हातात जाडजूड पिशवी.

"नवं पुस्तक," ते म्हणाले. खुर्ची ओढून बसले, मशीनचा आवाज जरा वाढेपर्यंत थांबले. "मागच्या वेळी जसं सहकार्य झालं, तसंच व्हावं."

"म्हणजे खोडलेलं काढू?"

"काढा. आणि न खोडलेल्यातलंही, तुम्हाला योग्य वाटेल ते..." सर खिडकीकडे बघत म्हणाले.

बाईंनी पिशवीवर हात ठेवला. बोलताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला. "करते की. पण आतल्या पानावर माझं नाव घाला. संपादन म्हणून. छोट्या टायपात चालेल."

सर मायेने हसले. "बाई, नाव ही फार जुनाट कल्पना आहे. लेखक म्हणून कुणी नसतोच मुळी. मजकूर असतो."

"मग मुखपृष्ठावर कोण असतं?"

"तो प्रकाशकांचा आग्रह."

बाई उठल्या, कपाटातून फाइल काढली. प्रुफं दाखवू नयेत या चिठ्ठीच्या मागच्याच बाजूला सरांच्याच अक्षरात दुसरी ओळ होती: 'मुखपृष्ठावरचं नाव छत्तीस पॉइंटाच्या मोठ्या टायपात घ्यावं. मागच्या पुस्तकात अठ्ठावीसचं होतं.'

सरांनी ती वाचली. "ऋणनिर्देशात घालतो," ते म्हणाले. "छापखान्यातील सर्व कर्मचारी."

"आम्ही चौदा जण आहोत. मशीनवाल्याने तुमचं एक पान वाचलेलं नाही. त्याला कशाला अडकवता?"

"आतल्या पानावर नाही जमणार हो. लोक त्याचा काय अर्थ काढतील?"

"लोक काय अर्थ काढतील ते तुम्ही ठरवत नाही म्हणे," बाई म्हणाल्या. त्यात खवचटपणा नव्हता. भाचीने शिकवलेलं त्यांनी आठवून म्हटलं होतं.

सर उठले, आणि पिशवी टेबलावर तशीच ठेवून गेले.

बाईंनी पुस्तक केलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. या खेपेला त्यांना रेघांचा अर्थ माहीत होता, त्यामुळे प्रत्येक खोडलेला शब्द खोडलेल्या रेघेसकट बसवून घेतला. संगणकावर अक्षरं जुळवणारी मुलगी चौथ्या दिवशी रडकुंडीला आली. बाईंनी प्रत्येक रेघ शब्दाच्या मधोमध आहे ना, वर-खाली सरकली नाही ना, हे भिंग लावून तपासलं. तेच तेच सातव्यांदा आलं, सातव्यांदाही ठेवलं. सहाशे ऐंशी पानं झाली. लेखकाचा हेतू इतका जसाच्या तसा त्या छापखान्यात याआधी कधी छापला गेला नव्हता.

सरांना तक्रारीला जागाच नव्हती. मालकांनी प्रुफंही पाठवली होती, आणि सरांनी ती सवयीने न बघता परत केली होती. शिष्यांनी पुस्तकाचं वर्णन 'महत्त्वाचं' असं केलं, म्हणजे त्यांचं वाचन चाळिसाव्या पानापुढे गेलं नव्हतं. जुने समीक्षक म्हणाले, सर पुन्हा मूळपदावर आले, आणि दोघांचं वैर पूर्ववत सुरू झालं. त्याने दोघांनाही बरंच हायसं वाटलं असावं.

इकडे भाचीने आपलं प्रकरण लिहून काढलं. तिने ठरवून टाकलं होतं, खरं तेच लिहायचं. 'या जागा लेखकाने गाळलेल्या नाहीत. त्या माझ्या मावशीने गाळल्या. ती प्रुफं वाचते. तेव्हा तिची दाढ दुखत होती.' पुढे साठ पानं, एकेका जागेचा हिशेब मावशीच्या तोंडून.

"असलं लिहू नकोस गं," बाई म्हणाल्या. "तुझी पदवी जाईल."

"जाऊ दे गेली तर."

सरांनी ते प्रकरण वाचलं, दोन दिवस ठेवून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी भाचीला बोलावून म्हणाले, "धाडसी आहे. मावशी हे रूपक फार धाडसी आहे." आणि सही केली.

तोंडी परीक्षेला बाई सोबत गेल्या. आत भाची, सर, बाहेरून आलेल्या एक प्राध्यापिका आणि परीक्षक म्हणून जुने समीक्षक. बाई बाहेर व्हरांड्यात बाकावर.

"तुमची ही मावशी," प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, "ती नेमकी कोण? मजकुराच्या कडेला ढकललेला आवाज की लेखकाची अनुपस्थिती?"

"आईची मोठी बहीण," भाची म्हणाली.

तिघेही कौतुकाने हसले.

"खरंच. बाहेर बाकावर बसली आहे. बोलावू का?"

"नको, नको," सर घाईने म्हणाले.

भाचीने आशेने जुन्या समीक्षकांकडे पाहिलं. आयुष्यभर ते साध्या, सरळ अर्थाची बाजू घेऊन लढले होते. त्यांनी घसा साफ केला. ज्या नितळ गद्यापुढे आपण जाहीर मान तुकवली ते दाढदुखीतून निघालं, हे त्यांना कसं परवडणार? "माझाही विरचनेला विरोध आहे," ते म्हणाले, "पण हे रूपक मला मान्य आहे." वीस वर्षांत दोन पक्षांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

भाची बाहेर आली.

"काय गं? झालीस पास?"

"झाले."

"मग तोंड असं का?"

"मावशी, ते म्हणाले तू नाहीयेस. रूपक आहेस."

"कोण म्हणालं?"

"तिघंही."

बाईंनी हात पुढे करून प्रबंध मागितला, ते प्रकरण उघडलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागल्या. भाचीला वाटलं, आता मावशी रडणार. प्रकरण शेवटपर्यंत चाळून बाईंनी वर बघितलं.

"'माझी मावशी' तू एकूण एकवीस वेळा लिहिलंयस," त्या म्हणाल्या.

"जास्त झालं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "राहू दे सगळे."

त्यांनी प्रबंध भाचीच्या हातात न देता आपल्याच पिशवीत ठेवला, आणि दोघी बस पकडायला निघाल्या.